गप्प बसलेली ओवी

थांबा! टाळ जरा खाली ठेवा. मृदंगमहाराज, तुम्हीही हात आवरा. तिकडं मागं खांबाजवळ बसलेली माउली लेकराला काखेत मारून उठायला लागली बघा. बाई, बसा. उठू नका. लेकरू रडलं म्हणून कीर्तन बाटत नाही. आम्ही इथं कधीपासून देवाच्या नावानं ओरडतोय, त्यानं एवढंसं ओरडलं तर काय बिघडलं? देवाला दोन्ही ऐकू येतं. आणि खरं सांगू का, त्याचंच आधी ऐकू येत असेल! कारण त्याला अजून खोटं रडता येत नाही.

मंडळी, ऐका. आज तुम्हाला एक प्रश्न विचारतो. उत्तर घाईनं देऊ नका. लेकरू रडतंय, आदळआपट करतंय, हातपाय झाडतंय. तुम्ही डोळे वटारले. लेकरू गप्प झालं. तर सांगा — ते शांत झालं का?

झालं म्हणताय? पुढच्या रांगेतले बाप लोक माना डोलावतायत. बायका मात्र काही बोलत नाहीत. बायकांना ठाऊक आहे! दूध उतू जायला लागलं आणि वरून झाकण दाबलं, तर दूध दिसायचं बंद होतं. खालची आच विझते का? गप्प वेगळं, शांत वेगळं. ह्या दोन शब्दांमधलं अंतर एका माणसाला फार अवघड वाटेनं चालावं लागलं. त्याचं हे आख्यान.

बालाघाटाच्या डोंगराखाली एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातल्या निम्म्यांची सोयरीक तिथं निघेल आणि कथा राहील बाजूला. त्या गावात तुळजाराम नावाचा गिरणीवाला. पिठाची गिरणी, घराच्या ओसरीला लागूनच. आता गिरणीवाल्याचा आवाज कसा असतो? मोटरीच्या वर चढून बोलायची सवय! घरात ‘पाणी दे’ म्हणाला, तर शेजारीण तांब्या घेऊन यायची. मनानं माणूस लोण्यासारखा, पण राग असा की आला म्हणजे आलाच. दळणाचा डबा लाथेनं उडवायचा आणि मग स्वतःच पीठ गोळा करत बसायचा.

हा राग त्याला आला कुठून? वारसा हक्कानं! जमीन वाटून कमी होते मंडळी, राग वाटला की वाढतो. तुळजारामचा बाप कडक माणूस. पोरगं रडलं की त्याला धान्याच्या कणगीमागं उभं करायचा आणि बजावायचा, आवाज बाहेर आला तर याद राख. तिथल्या अंधारात तुळजाराम ओठ चावायला शिकला. गाव म्हणायचं, केवढं गुणी लेकरू, रडत म्हणून नाही!

त्याची बायको रोहिणी. बारावी झालेली, आणि नर्स व्हायची हौस पोटात धरून सासरी आलेली. लग्न झालं, ओवी झाली, ओवी चार वर्षांची झाली, आणि एक दिवस जिल्ह्याच्या गावाला नर्सिंगच्या शिक्षणाला रोहिणीचा नंबर लागला. वसतिगृहात राहायचं, सुट्टी मिळेल तसं घरी यायचं. पारावरच्या शहाण्यांनी तुळजारामला वेड्यात काढलं. बायको शिकायला धाडतोस, मग भाकरी कोण थापणार? तो म्हणाला, दळतो मी, आणतो मी, मग थापायला काय धाड भरलीय? त्याच्या पहिल्या भाकरीत महाराष्ट्राचा नकाशा उमटला ते सोडा. माणूस शब्दाचा पक्का होता. फाट्यावर एस.टी.त बसवताना तो रोहिणीला एवढंच म्हणाला, “घराचं मी बघतो. ओवीचं मी बघतो. तू शिकून ये.”

बोलायला काय लागतं, मंडळी? शब्द द्यायला एक श्वास पुरतो. निभवायला छाती लागते!

ओवी. नाव बघा किती गोड. पण आई गेल्यावर त्या ओवीनं जो सूर लावला, तो गिरणीच्या मोटरीवरही चढायला लागला. सकाळ बरी जायची. अंगणवाडीत जायची, खेळायची, दुपारी आजीजवळ निजायची. संध्याकाळ झाली, फाट्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला की ही पळत दारात. दोन्ही हातांनी चौकट धरून उभी. चार माणसं उतरायची, आपापल्या घरी जायची, गाडी निघून जायची. आणि मग घरात वादळ! ताट फेकायची, डाळ भिंतीवर. आजीच्या मनगटाला चावायची. जमिनीवर पडून डोकं आपटायची. कशासाठी रडतेस विचारलं तर म्हणायची, भाकरी वाकडी आहे. भाकरी तर रोजच वाकडी होती! भाकरीवर कुणी एवढं रडतं का? पण मोठ्या माणसांचंही असंच असतं. राग साहेबाचा असतो आणि मीठ आमटीत कमी निघतं. होय की नाही?

तुळजारामची आई गयाबाई. वयानं थकलेली, जीवानं चांगली. तिनं तिला ठाऊक होते ते सगळे उपाय केले. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या ओवाळल्या. कुणी दिलेला काळा दोरा मनगटाला बांधला. तो ओवीनं दातांनी तोडला. शेवटी गयाबाईनं घरोघरीचं जुनं अस्त्र काढलं: बुवा! पत्र्याआड मिशीवाला बुवा बसलाय. रडणारी पोरं पोत्यात भरून नेतो. एक दिवस नुसतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराकडून पत्र्यावर काठीही आपटवली.

आणि काय सांगू, मंडळी, लागू पडलं! ओवी खाटेखाली शिरली ती आवाज न करता बसून राहिली. गयाबाई म्हणाली, झाली बाई शहाणी. तुळजारामही म्हणाला, सुटलो. दळण चालू झालं, डबे भरले, घर कसं निवांत.

निवांत! चार-आठ दिवसांत अंथरूण सकाळी ओलं निघायला लागलं. अंगणवाडीच्या ताईंनी निरोप धाडला, पोरगी कुणाशी बोलत नाही. आणि तिचे केस. ओवी खाटेखाली बसून एक एक केस ओढायची, उपटायची. कानाच्या वर रुपयाएवढी जागा उघडी पडली. तुळजारामनं ते पाहिलं, आणि तेल लावून बाजूचे केस त्या जागेवर ओढले. फोनवर रोहिणीला म्हणाला, मजेत आहे पोरगी, आता रडतसुद्धा नाही.

पण आईच्या हातापासून काय लपतं? रोहिणी सुट्टीला आली, लेकीची वेणी घालायला बसली, आणि तिची बोटं तिथं थांबली. तिनं हातातली वेणी पुरी केली. ओवीला खेळायला धाडलं. मग आत जाऊन पिशवीतली पुस्तकं काढून फळीवर ठेवली आणि पिशवी झटकून खुंटीला अडकवली. तुळजारामला कळलं. तिनं सांगितलं, मी आता परत जाणार नाही. माझ्या शिक्षणापायी माझी लेक स्वतःचे केस उपटते, असलं शिक्षण मला नको. गयाबाई दारातून म्हणाली, मी आधीपासून हेच सांगत होते, हे बाईचं काम आहे, पुरुषाला जमायचं नाही.

आता बघा! इथं तुळजारामपुढं वाट सरळ होती. ‘बरं, रहा’ म्हणायचं. भाकऱ्या गोल मिळाल्या असत्या, संध्याकाळ सुटली असती, गाव म्हणालं असतं, आली बाई ताळ्यावर. पण हा उठला, फळीवरची पुस्तकं काढली आणि खुंटीवरच्या पिशवीत पुन्हा भरली. म्हणाला, “चूक तुझी नाही, माझी आहे. ती गप्प झाली, मला वाटलं बरी झाली. दिवाळीपर्यंत दे मला. तोवर जमलं नाही, तर मी स्वतः येऊन तुझं सामान आणतो.”

रोहिणीनं त्याच्याकडं बघितलं. ह्या माणसानं आजवर कधी ‘माझी चूक’ म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. ती गेली. पण मन घरी ठेवून गेली.

त्या दिवसापासून तुळजारामनं कंबर कसली. पहिली गोष्ट, आईला सांगितलं, आजपासून ह्या घरात बुवा नाही. गयाबाई रुसली. म्हणाली, तुला वाढवलं ते काय बिनबुव्याचं? तो म्हणाला, म्हणून तर म्हणतोय. दुसरी गोष्ट, संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला गिरणी बंद. बायका डबे घेऊन उभ्या, कुरकुर सुरू, पाहुणे आलेत, पीठ नाही. हा म्हणायचा, थोडं थांबा, पोरगी बघायचीय. गावात हसू झालं. गिरणीवाला आता पोरगी सांभाळतो! हसणाऱ्यांत बाप लोकच जास्त होते, हे वेगळं सांगायला नको.

पण नुसती गिरणी बंद करून काय होतं? लेकराजवळ बसायचं म्हणजे करायचं काय, हे ह्याला कुठं माहीत? ह्याच्याजवळ कोण बसलं होतं? त्यानं खाऊ आणून बघितला. ओवीनं खाल्ला, आणि संपल्यावर रडली. मोबाइल हातात दिला. काय हो, ओळखीचं वाटतंय ना? गाडी आली गेली, हिला पत्ता नाही! तुळजाराम खूश. पण मोबाइल काढून घेतला तेव्हा उठलं ते वादळ असं, की आधीचं सगळं झुळूक वाटावं. रडणं पुढं ढकललं होतं फक्त. तरी हा हटला नाही. रोज संध्याकाळी दारात तिच्या शेजारी बसायचा. ती लाथ मारायची, हा सरकायचा नाही. मारू नये म्हणून स्वतःचेच हात मांड्यांखाली दाबून बसायचा. डोळ्यांपुढं आणा, मंडळी. एवढा धिप्पाड माणूस, पिठानं पांढरा झालेला, आणि स्वतःच्या हातांवर बसलेला!

एक दिवस घात झाला. गाडीची वेळ व्हायची होती. कुणाकडं तरी बारसं होतं, दळणाची घाई, गिरणी चालू. ओवी बाहुलीवरून शेजारच्या पोरीशी भांडली, बाहुलीचा हात तुटला, आणि ही रागानं आंधळी होऊन धावत गिरणीत शिरली. मोटर चालू. पट्टा फिरतोय. अरे, ज्या पट्ट्यात मोठ्या माणसाचं धोतर गेलं तर माणूस ओढला जातो, त्याच्याजवळ हे चार वर्षांचं लेकरू, झग्याचा घेर फडफडतोय! तुळजारामनं झेप घेतली, दंडाला धरून तिला बाहेर ओढलं, आणि दोन मुस्काटात ठेवून दिल्या.

दिल्या! इतक्या दिवसांचं हातांवर बसणं एका क्षणात वाया.

आणि ओवीनं काय केलं? रडली नाही. तिनं आपल्या दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबून धरलं. गच्च. डोळ्यांतून पाणी वाहतंय, छाती उडतेय, आणि दाबलेल्या हातांतून ती बापाला सांगतेय, “पप्पा, मी गप्प बसलेय. बघ, गप्प बसलेय.”

कणगीमागचा अंधार तुळजारामच्या डोळ्यांपुढं आला. तिथं ओठ चावत उभं असलेलं पोरगं तोच होता. आणि ते पोरगं त्यानं आज पुन्हा उभं केलं होतं, आपल्याच घरात, आपल्याच हातानं.

त्यानं गिरणीचा खटका पाडला. मोटर थांबली. डबे घेतलेल्या बायका बघत होत्या. त्या सगळ्यांच्या देखत तो ओवीसमोर पिठात खाली बसला. तिचे हात तिच्या तोंडावरून ओढून काढले नाहीत त्यानं. नुसता बसला. मग म्हणाला, “पट्ट्याजवळ जायचं नाही. ते पक्कं. पण मी मारलं ते चुकलं. मी लई भ्यालो होतो, ओवी.”

ओवीनं एक हात खाली घेतला. “पप्पा, तू पण भेतो?”

“भेतो की.”

“बुवाला?”

“बुवा नाहीच. तो आम्ही खोटा सांगितला.”

ती विचारात पडली. आणि मग तिनं विचारलं, मंडळी, तो सवाल ऐका. ती म्हणाली, “मग आई आज संध्याकाळी येणार, ते पण खोटं?”

तुळजारामच्या काळजाला चरका बसला. कारण रोज दुपारी गयाबाई हेच सांगायची. आई संध्याकाळच्या गाडीनं येईल हो, गप निज. आणि त्यानंही सांगितलं होतं. प्रेमानं सांगितलं होतं! लेकराला दुःख नको म्हणून. पण लेकरू तो शब्द खरा धरून रोज दारात उभं राहत होतं. रोज आशा, रोज गाडी, रोज घात. अहो, मोठ्या माणसाला कुणी एकदा फसवलं तर तो जन्मभर बोलत नाही. ह्या पोरीला घरातली माणसं रोज फसवत होती आणि विचारत होती, हिला राग का येतो!

आता सांगायचं काय? ‘येईल’ म्हटलं की आजची वेळ निभते. बघणाऱ्या बायकाही डोळ्यांनी खुणावत होत्या, म्हण की येईल म्हणून. तुळजारामनं मन घट्ट केलं. म्हणाला, “हो. ते खोटं होतं. आई आज येणार नाही. उद्यापण नाही. आई शिकायला गेलीय. तिला सुट्टी मिळाली की येणार, आणि यायचं ठरलं की मी तुला आदल्या दिवशी सांगणार. त्याच्याआधी कुणी सांगितलं तर ऐकू नको.”

ओवीनं जो हंबरडा फोडला, तो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला. गयाबाई घरातून धावत आली. “येती, येती, आई आत्ता येती...” तुळजारामनं हात वर केला. आईला थांबवलं. पोरीला जवळ घेतलं. ती पाठीवर बुक्क्या मारत होती, हा खात होता. एवढंच म्हणत होता, आईची लई आठवण येते, नाही का? लई राग आलाय. येणारच. पीठ भिजून त्याच्या सदऱ्यावर लगदा झाला. बायका डबे खाली ठेवून उभ्या. एकही हलली नाही. कुठल्या तरी म्हातारीनं पदर डोळ्याला लावला, देव जाणे कशाच्या आठवणीनं.

रडता रडता हुंदके लांब लांब होत गेले. शेवटी ओवीनं नाक त्याच्या खांद्याला पुसलं आणि म्हणाली, भूक लागली.

ही शांत झाली, मंडळी! गप्प नाही, शांत.

आता तुम्हाला वाटेल, महाराजांची कथा संपली, पोरगी दुसऱ्या दिवशी शहाणी झाली. असं सांगितलं तर मी ह्या गादीवर उभं राहून खोटं बोललो! नाही झाली. चावली, फेकाफेक केली. पण आता तुळजारामला वाट दिसली होती. चावायला आली की हात धरायचा, सांगायचा, चावू देणार नाही. राग आलाय तर ये, पोत्याला मार. गिरणीतल्या रिकाम्या पोत्यांची थप्पी तिच्या हवाली केली. ही तिथं जाऊन धपाधप बुक्क्या मारायची, पीठ उडायचं, बाप-लेक दोघं शिंकायची. आणि शिंकताना राग टिकतो का? करून बघा! हळूहळू पोरीला शब्द सापडले. एकदा अंगणवाडीतून आली आणि पिशवी टाकून म्हणाली, मला आज राग नाही आला, मला वाईट वाटलंय. तुळजाराम बघतच राहिला. हा फरक त्याला स्वतःला अजून नीट कळत नव्हता.

आणि गयाबाई? ती आठवडाभर बाजूला बाजूला होती. मग एका दुपारी ओवी आजीजवळ रडत बसली होती, तुळजाराम दळणात होता. त्यानं डोकावून बघितलं. म्हातारीच्या तोंडात ‘बुवा’ आलेला दिसत होता. पण तिनं तो गिळला. नातीचं डोकं मांडीवर घेतलं आणि गप्प बसली. संध्याकाळी चुलीजवळ लेकाला म्हणाली, “तुझा बाप गेला तवा मला कुणी रडू दिलं नाही. पोराकडं बघ म्हणले. मी तुझ्याकडं बघितलं, आन ते तसंच राहिलं बघ आतमधी.” तुळजारामनं आईच्या ताटात भाकरी वाढली आणि तिच्याजवळच बसून राहिला. लेकराजवळ बसायला शिकला होता ना, मग आईजवळही बसता आलं.

दिवाळी आली. तुळजारामनं आदल्या दिवशी ओवीला सांगितलं, उद्याच्या गाडीनं आई येणार. आणि आली! पोरगी नाचली, आईच्या पाठीमागं शेपटासारखी फिरली. रोहिणीनं केस बघितले; कानाच्या वर बारीक मऊ लव उगवली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. पण खरी परीक्षा येण्यात नसते, जाण्यात असते.

भाऊबीज झाली, जायची सकाळ उजाडली. आजवर रोहिणी नेहमी ओवी झोपेत असतानाच निघायची. आताही शेजारीण मायेनं आली. म्हणाली, पोरीला आमच्याकडं घेऊन जाते, शेळी व्यायलीय, करडू दाखवते, तोवर तू सटक. रोहिणीलाही तेच बरं वाटत होतं. लेकीचं रडणं बघवत नाही हो आईला! पण तुळजाराम आडवा आला. म्हणाला, लपून जायचं नाही. तिच्यासमोर, तिला सांगून जायचं. चोरासारखी आई जाते तेव्हा लेकरू पुढं झोपायलासुद्धा भितं.

तिघं फाट्यावर आली. गाडी आली. आणि ओवीनं आईच्या पदराला जी मिठी घातली! किंचाळली, खाली बसली, धुळीत लोळली. गाडीतली माणसं खिडकीतून बघतायत. कंडक्टर घड्याळ बघतोय. कुणी म्हणतं, लेकराचा जीव घेतात, कसली ही आई. रोहिणीचा एक पाय पायरीवर, एक खाली. तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, “मी नाही जात.”

तुळजाराम धुळीत बसला. ओवीच्या पाठीवर हात ठेवला. गप्प बस म्हणाला नाही. आई उद्या येईल म्हणाला नाही. म्हणाला, आई चाललीय. तुला लई वाईट वाटतंय, मलाही वाटतंय. मी इथंच आहे.

ओवीनं मान वर केली. चेहरा धुळीनं आणि पाण्यानं माखलेला. तिनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग पदराची मूठ सैल केली आणि हुंदक्याहुंदक्यानं म्हणाली,

“मी रडणार आहे. तू जा.”

माउली! चार वर्षांचं लेकरू! ‘मी रडणार आहे’, ते माझं आहे, ते मी करीन. ‘तू जा’. अहो, मुलीला सासरी धाडताना, माणसाला सरणावर ठेवताना आपल्याला हे बोलता येत नाही!

रोहिणीनं पिशवी उचलली. गाडी गेली. ओवी शब्दाला जागली: फाट्यापासून घरापर्यंत बापाच्या खांद्यावर मोठ्यानं रडत गेली. पारावरून एक म्हातारा ओरडला, अरे तुळजाराम, गप्प कर की तिला! तुळजाराम थांबला. आणि गिरणीवरचा तो मोठा आवाज त्यानं कधी नाही इतका हळू केला.

“रडू द्या, अण्णा. तिची आई गेलीय.”

मंडळी, रोहिणीचं शिक्षण पुरं झालं. आज ती नर्स आहे, कुणाच्या तरी लेकराला सुई टोचताना ‘दुखणार नाही’ म्हणत नाही. ‘थोडं दुखेल, मी हात धरते’ म्हणते. तुळजारामची भाकरी अजून गोल होत नाही, आणि राग अजून येतो. आला की तो खटका पाडतो, बाहेर जाऊन उभा राहतो, मग आत येतो. एवढं जमायला त्याला वर्षं लागली. पण त्यानं सोडलं नाही.

आता तुमच्याकडं वळतो. कथा दुसऱ्याची ऐकायला सोपी असते! पुढच्या रांगेतले बाप लोक, आता मान डोलावू नका, मान वर करा. इथून घरी जाल. घरात लेकरू असेल, नातू असेल. उद्या त्याची काचेची गोटी हरवेल, आणि ते जग बुडाल्यासारखं रडेल. तुम्हाला गोटी दिसेल. त्याला बुडालेलं जग दिसतंय. तेव्हा तुमचा हात उठेल, डोळे वटारले जातील, नाहीतर खिशातला मोबाइल बाहेर येईल. त्या वेळी एवढंच करा: त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. गुडघे दुखत असतील तरी बसा. खोटं सांगू नका. मारू नका. चावायला आलं तर हात धरा, पण तोंड दाबू नका. आणि त्याला सांगा, मी इथं आहे.

आज नाही जमलं तर उद्या पुन्हा बसा. चुकलात तर लेकराची माफी मागा; त्यानं बाप लहान होत नाही. नामस्मरण एका दिवसात जमतं का? मग हे कसं जमेल? पण रोज बसणाऱ्याला दोन्ही जमतं. विठोबासुद्धा अठ्ठावीस युगं काय करतोय? कुणाला गप्प बस म्हणतोय का? सगळ्या जगाचं रडगाणं ऐकत, कमरेवर हात ठेवून, एका जागी थांबलाय! तुम्हाला अठ्ठावीस युगं नकोत. लेकराचं रडणं पुरं होईपर्यंत थांबा.

उचला टाळ. आणि मागच्या माउली, तुम्ही तिथंच बसा. ज्याला रडायचंय त्यानं रडावं, ज्याला गायचंय त्यानं गावं, नाव एकाचंच घ्यायचंय. घ्या, सगळे मिळून — विठ्ठल!